मोजकी विमानं, एकच काम: हिवाळी युद्धातली फिनलंडची २४ वी स्क्वाड्रन

पार्श्वभूमी

३० नोव्हेंबर १९३९. सकाळी सोव्हिएत बॉम्बर हेलसिंकीवर आले, तेव्हा फिनलंडच्या हवाई दलाकडे लढाईत उतरवण्याजोगी विमानं सव्वाशेच्या आत होती. त्यातही टेहळणीची, गस्तीची, वय झालेली अशी सगळी धरून. आधुनिक म्हणावं असं लढाऊ विमान एकच, डच बनावटीचं फोकर डी-२१. ही छत्तीसेक फोकर विमानं सगळीच्या सगळी २४ व्या स्क्वाड्रनकडे होती. शेजारच्या २६ व्या स्क्वाड्रनकडे दहाएक ब्रिस्टल बुलडॉग होती. ती दुपंखी, १९२० च्या दशकातल्या आराखड्यावरची. समोरच्या बॉम्बरचा पाठलागसुद्धा त्यांना जमला नसता. आणि समोर? या एका आघाडीसाठी सोव्हिएत संघाने दोन हजारांहून जास्त विमानं लावली होती, मोडलं तर मागून नवीन येत होतं.

हे प्रकरण २४ व्या स्क्वाड्रनचं आणि १३ मार्च १९४० पर्यंत चाललेल्या हिवाळी युद्धाच्या १०५ दिवसांचं आहे. शौर्याच्या गोष्टी यावर पुष्कळ सांगून झाल्या आहेत. इथे बघायचं ते असं, की कोणते निर्णय कधी घेतले गेले आणि कोणते अंगलट आले.

फोकरबद्दल थोडं. फिनलंडने हॉलंडहून मोजकीच विमानं घेतली आणि बाकीची परवान्यावर तांपेरेच्या सरकारी कारखान्यात बांधली. चाकं आत न जाणारी, चार हलक्या मशीनगन, ताशी कमाल वेग ४६० किलोमीटरच्या घरात. १९३९ सालच्या मानानेही हे काही भारी विमान नव्हतं. जर्मन आणि इंग्रज त्याच काळात ताशी साडेपाचशेच्या पुढे गेले होते. पण आत न जाणाऱ्या चाकांचा एक फायदा होता. ती काढून तिथे स्की लावता येत. फिनलंडमध्ये हिवाळ्यात प्रत्येक गोठलेलं तळं म्हणजे धावपट्टी, आणि तळ्यांना तिथे तोटा नाही.

या विमानांवरचं चिन्ह बघून आपल्याकडचा वाचक हमखास थबकतो: पांढऱ्या वर्तुळात निळं स्वस्तिक. त्याचा हिटलरशी संबंध नाही. १९१८ मध्ये एका स्वीडिश सरदाराने फिनलंडला विमान भेट दिलं, त्यावर त्याचं हे शुभचिन्ह रंगवलेलं होतं, तेच हवाई दलाने उचललं. नाझी पक्षाने आपलं चिन्ह ठरवलं ते त्यानंतर. त्या सरदाराची पुढे नाझींशी जवळीक झाली हेही खरं, पण तो वेगळा विषय.

युद्धाच्या पाच वर्षं आधी ठरलेलं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय १९३९ चा नाहीच. तो १९३४-३५ च्या सुमाराचा आहे.

त्या काळी जगभरातली हवाई दलं तीन-तीन विमानांच्या बाणाकृती रचनेत उडत. पुढे म्होरक्या, दोन्ही बाजूंना चिकटून एकेक जण. परेडला हे फार देखणं दिसतं. लढाईत मात्र दोन्ही बाजूचे वैमानिक म्होरक्याच्या पंखावर आपटू नये म्हणून त्याच्याकडेच बघत राहतात. तीन जोडी डोळ्यांपैकी आकाशाकडे बघणारी एकच. वळण घेताना तर आतला आणि बाहेरचा यांची तारांबळ उडते.

फिनलंडमध्ये रिचर्ड लोरेन्त्स आणि त्याच्यानंतर गुस्ताफ मॅग्नुसन या अधिकाऱ्यांनी हिशेब वेगळा मांडला. विमानं आधीच कमी, त्यात तिसरं कशाला अडकवायचं? दोघांची जोडी पुरे. एक मारा करेल, दुसरा त्याची पाठ राखेल. दोन जोड्यांची चौकडी करायची आणि त्या चौघांनी एकमेकांपासून ऐसपैस अंतर ठेवायचं, म्हणजे प्रत्येकाला मान वळवून बघायला फुरसत मिळेल. जर्मनांना हीच रचना स्पेनच्या यादवीत लढता लढता सापडली. फिन लोक तिथे कागदावरच्या हिशेबाने पोचले, तेही आधी. इंग्रजांना मात्र १९४० च्या उन्हाळ्यात बरीच पोरं गमावल्यावर ते पटलं.

दुसरी गोष्ट नेमबाजी. मॅग्नुसन फ्रान्स आणि जर्मनीतल्या लढाऊ तुकड्यांसोबत काही काळ राहून आला होता आणि १९३८ च्या अखेरीस २४ व्या स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. कसरतींपेक्षा त्याचा भर नेमावर होता. ओढत्या लक्ष्यावर गोळीबार, पुन्हा गोळीबार, आणि जवळून. चारच हलक्या मशीनगन आहेत, तर लांबून फवारा मारून काही हाती लागणार नाही. दीडशे मीटरच्या आत या, जमलं तर पन्नासपर्यंत या, मग घोडा दाबा. ऐकायला सोपं वाटतं. पण बॉम्बरच्या शेपटीकडे बसलेला गोलंदाज आपल्यावर गोळ्या झाडत असताना पन्नास मीटरपर्यंत बोट आवरून धरणं ही सवय एका दिवसात लागत नाही.

नेमकी अडचण

संख्या कमी होती हे तर उघडच आहे. पण नुसतं तेवढंच म्हटलं तर अडचण कळत नाही. ती चार पदरी होती.

पहिला पदर म्हणजे वेग. सोव्हिएतांचा एसबी हा दोन इंजिनांचा बॉम्बर फोकरपेक्षा जेमतेम थोडा हळू. तो डोक्यावरून पुढे गेला, की मागून गाठणं जवळपास अशक्य. म्हणजे फोकर आधीच उंचावर आणि योग्य जागी असायला हवं.

त्यासाठी वेळेवर वर्दी हवी, हा दुसरा पदर. रडार १९४३ पर्यंत आलं नाही. होत्या त्या लाकडी मनोऱ्यांवर उभ्या राहून आकाश बघणाऱ्या बायका. लोट्टा स्वॅर्ड या स्वयंसेविकांच्या संघटनेतल्या या मुली विमानांची संख्या, दिशा आणि अंदाजे उंची फोनवरून केंद्राला कळवत आणि तिथून स्क्वाड्रनला फोन जाई. त्या हिवाळ्यात पारा उणे चाळिसाच्या खाली गेलेले दिवस होते. आणि मनोऱ्याला भिंती नसत.

तिसरा पदर, देश लांबलचक. छत्तीस विमानांनी हेलसिंकी राखायचं, आग्नेयेचं वीपुरी शहर राखायचं, रेल्वेची जंक्शनं राखायची, की करेलियाच्या संयोगभूमीवर (फिनलंडचं आखात आणि लाडोगा सरोवर यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर) लढणाऱ्या पायदळावर छत्र धरायचं?

चौथा पदर सगळ्यात टोचणारा. पडलेलं फोकर तांपेरेतून कधी तरी पुन्हा मिळेल, पण पाच वर्षं घडवलेला वैमानिक मिळणार नाही. बरोबरीत सुटलेली लढाईसुद्धा फिनलंडसाठी हारच होती.

समोरचे पर्याय

एक रस्ता होता मोठ्या शहरांवर सतत गस्त ठेवण्याचा. नागरिकांना धीर आला असता, वर्तमानपत्रांनाही आवडलं असतं. पण गस्तीत इंजिनाचे तास आणि इंधन जळतं, आणि शत्रू येतो तेव्हा गस्तीवरची जोडी नेमकी उतरलेली असते. छत्तीस विमानांत हे दोन आठवडेही निभलं नसतं.

दुसरा रस्ता आघाडीवर जाऊन सोव्हिएत लढाऊ विमानांशी भिडण्याचा. पोलिकारपोव्ह आय-१६ आणि दुपंखी आय-१५३ ही दोन्ही चपळ, वळणात फोकरला भारी, आणि संख्येला अंत नाही. वैमानिकाच्या रक्ताला हाच रस्ता ओढतो. लढाऊ विमान चालवणाऱ्या तरुणाला दुसऱ्या लढाऊ विमानापासून लांब राहा सांगणं म्हणजे कुस्तीगिराला आखाड्याबाहेर बसवणं.

तिसरा रस्ता: फक्त बॉम्बर. लढाऊ विमानं दिसली तर टाळायची, गळ्यातच पडली तर सुटण्यापुरतं लढायचं. कारण फिनलंडचं नुकसान बॉम्बने होणार होतं. आय-१६ नुसतं वर घिरट्या घालून गेलं तर कुणाचं घर पडत नाही.

तिसरा निवडला गेला. किंमत ठाऊक असूनच. तुर्कूसारख्या बंदराच्या शहरावर वारंवार बॉम्ब पडणार होते आणि तिथे फोकर नसणार होतं. संयोगभूमीवरच्या सैनिकाला डोक्यावर बहुतेक वेळा शत्रूचंच विमान दिसणार होतं.

मराठी वाचकाला इथे गनिमी कावा आठवेल. साम्य आहे, पण अर्धंच. गनिमी काव्यात वेळ आणि जागा आपण निवडतो. फोकरच्या वैमानिकाला वेळही निवडता येत नव्हती आणि जागाही नाही. फोन वाजला की उडायचं. त्याच्या हातात होती ती एकच निवड, कुणाशी लढायचं आणि कुणाशी नाही.

प्रत्यक्षात काय केलं

स्क्वाड्रनचा मुख्य तळ इम्मोला, इमात्रा शहराजवळ. पण मॅग्नुसनने सगळी विमानं तिथे ठेवली नाहीत. छोट्या तुकड्या करून ती वीपुरीजवळच्या सूर-मेरियोकीला, उत्तीला, लाडोगा सरोवराच्या उत्तरेला वॅर्त्सिलाला पाठवली. विमानं झाडीत, स्प्रूसच्या फांद्यांखाली, वरून पांढरी चादर. एका छाप्यात सगळं जाऊ नये हा एक हेतू. दुसरा हेतू, बॉम्बरच्या वाटेत कुठे ना कुठे कुणी तरी जवळ असावं. इथे एक धोका पत्करला होता. शक्ती विखुरली की एका वेळी वर जाणारी विमानं दोन-चारच. पण प्रतिपक्षी पाठराखणीशिवाय येत असेल तर दोन-चार पुरतात.

विमान उडतं ठेवणं हे निम्मं युद्ध होतं. उणे तिशीत इंजिन रात्रभर उघड्यावर राहिलं तर सकाळी तेल डांबरासारखं घट्ट. म्हणून इंजिनावर जाड आच्छादन, त्याखाली शेगडीसारखा हीटर, आणि एक मेकॅनिक रात्रभर जागा. आच्छादन पेटलं तर विमान गेलं, शेगडी विझली तर सकाळचं उड्डाण गेलं. स्की बर्फाला चिकटून बसू नये म्हणून खाली फांद्या टाकत. या मेकॅनिकांची नावं कुणाच्या यादीत नाहीत, पण फोन वाजल्यापासून काही मिनिटांत विमान हवेत जात होतं ते त्यांच्यामुळे.

पहिल्या दिवशी हवा इतकी वाईट होती, की हेलसिंकीवर बॉम्ब पडून नव्वदहून जास्त माणसं गेली आणि फिन विमानांना शत्रू गाठता आला नाही. १ डिसेंबरला पहिली विमानं पाडली गेली. त्यातलं एक एइनो लुक्कानेनने. पण त्याच दिवशी वीपुरीवर आपल्याच विमानभेदी तोफांनी एक फोकर पाडलं आणि वैमानिक गेला. तोफेवरच्या माणसाने आकाशात इतके दिवस फक्त शत्रूच येणार असं ऐकलेलं. त्याला फोकरचा आकार घोकून घ्यायला कुणी लावलं नव्हतं. स्क्वाड्रनचं प्रशिक्षण पाच वर्षं चाललं, तोफखान्याशी ताळमेळ बसवायला मात्र पहिला बळी जावा लागला.

मग बरेच दिवस ढग आणि बर्फ. १९ डिसेंबरला हवा निवळली आणि बॉम्बरांच्या रांगा लागल्या, तशी फोकरचीही बोहनी जोरात झाली. इल्मारी युटिलायनेनचा पहिला बळी याच दिवसाचा. हा पुढे ९४ विमानांच्या श्रेयासह फिनलंडचा सर्वांत यशस्वी वैमानिक ठरला.

मारा करायची पद्धत ठरून गेली होती. शेपटीच्या बाजूने, थोडं खालून जवळ जायचं. आधी मागच्या गोलंदाजाला गप्प करायचं. मग एका इंजिनावर आणि पंखाच्या मुळाशी, जिथे इंधनाच्या टाक्या असतात, छोट्या छोट्या फैरी झाडायच्या. सोव्हिएत बॉम्बरच्या टाक्यांना संरक्षण अपुरं होतं. नेम बसला की पेट घ्यायचा.

६ जानेवारी

या दिवसाची गोष्ट जगभर गेली. डीबी-३ जातीचे लांब पल्ल्याचे बॉम्बर कुओपिओ शहरावरच्या मोहिमेवर निघाले होते. सकाळीच त्यांची गाठ फोकरशी पडली आणि पेर-एरिक सोवेलियसने एक पाडलं. उरलेली सात पुढे गेली. दुपारी बाराच्या सुमारास तीच सात परतताना लेफ्टनंट योर्मा सार्वान्तोने उत्तीजवळून उड्डाण करून त्यांना गाठलं. चारेक मिनिटांत त्याने एकापाठोपाठ एक अशी सहा पाडली. सातव्यापर्यंत येईतो मशीनगन रिकाम्या झाल्या.

हे एका माणसाचं अचाट काम होतं यात वाद नाही. पण प्रकरण म्हणून बघताना मला त्या चार मिनिटांपेक्षा आधीचे दोन तास जास्त महत्त्वाचे वाटतात. बॉम्बर आत गेलेत हे मनोऱ्यांवरून कळलं होतं. ते आता परत येणार, आणि साधारण कुठून येणार, याचा अंदाज बांधता येत होता. म्हणून सार्वान्तो उंची घेऊन तयार होता. जाताना न सापडलेला बॉम्बर येताना खिंडीत गाठता येतो, हा हिशेब फोकरच्या तोकड्या वेगावरचा उताराच होता.

आणि समोरची बाजू? एकही पाठराखं विमान नाही. सातही जण रांग न मोडता, वळण न घेता, सरळ घरच्या दिशेने उडत राहिले. शेजारचं विमान पेटत असताना रचना राखणं याला हिंमत लागते, पण त्या दिवशी त्या शिस्तीनेच त्यांचा घात केला. या सहा विमानांबद्दल पुढे फारसा वाद झाला नाही, कारण ती फिनलंडच्याच जमिनीवर पडली आणि अवशेष मोजता आले.

समोरचाही शिकतो

इथून पुढे गोष्ट बदलते, आणि लोकप्रिय लेखांत हा भाग सहसा गाळलेला असतो.

सोव्हिएत सेनापती मूर्ख नव्हते. पाठराखणीशिवाय बॉम्बर पाठवले तर ते परत येत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी आय-१६ आणि आय-१५३ ना जादा इंधनटाक्या लावून बॉम्बरांसोबत धाडायला सुरुवात केली. फेब्रुवारीत मोठं आक्रमण सुरू झालं तेव्हा आकाशातली गर्दी अनेक पटींनी वाढली होती. बॉम्बरपर्यंत पोचायचं तर आता आधी लढाऊ विमानांच्या कड्यातून जावं लागे. ‘फक्त बॉम्बर’ हा नियम ज्या परिस्थितीवर उभा होता, ती परिस्थितीच सरकली.

फिनलंडची बाजूही थोडी वाढली होती. जानेवारीच्या मध्यापासून स्वीडनच्या स्वयंसेवकांची एक पूर्ण तुकडी ग्लॉस्टर ग्लॅडिएटर घेऊन उत्तर फिनलंड सांभाळू लागली, तेवढा भार कमी झाला. इंग्लंडहून तीस ग्लॅडिएटर आली, ती २६ व्या स्क्वाड्रनला मिळाली. फ्रान्सने तीस मोरान लढाऊ विमानं दिली. इटलीकडून फियाट जी-५० विकत घेतली, ती जर्मनीने वाटेत अडवली म्हणून उशिरा पोचली.

ग्लॅडिएटर हे दुपंखी विमान. आय-१६ समोर त्याचा टिकाव लागणं कठीण हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही ते आघाडीला लावलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

२९ फेब्रुवारी, रुओकोलाह्ती

२६ व्या स्क्वाड्रनचा तळ रुओकोलाह्तीला गोठलेल्या पाण्यावर होता. सोव्हिएत लढाऊ विमानं खालून, झाडांच्या शेंड्यांवरून आली. वर्दी मिळाली तेव्हा ती तळावरच आलेली होती. वैमानिकांसमोर दोन पर्याय. विमान सोडून जंगलात पळायचं, किंवा गोळ्यांच्या पावसात बर्फावर वेग घेत उड्डाण करायचं. त्यांनी उड्डाण केलं. पाच ग्लॅडिएटर आणि एक फोकर गेलं. स्क्वाड्रनसाठी हा या युद्धातला सर्वांत वाईट दिवस.

जमिनीवरून नुकतं सुटलेलं विमान म्हणजे वेग नाही, उंची नाही, वळायला जागा नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंनी नॅट उडवलं आणि पाकिस्तानी सेबर विमानांशी एकट्याने झुंज दिली, ती परिस्थिती याच जातीची. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. (नॅट हे विमान भारत आणि फिनलंड अशा दोघांनीही वापरलं, आणि १९५८ मध्ये नॅटमधून ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला फिन, लाउरी पेकुरी, हा या २४ व्या स्क्वाड्रनमधूनच पुढे आलेला वैमानिक.) अशा उड्डाणाला कुणी वेडेपणा म्हणणार नाही. पण तशी वेळ येणं हे तळाच्या मांडणीचं अपयश असतं.

रुओकोलाह्तीला काय चुकलं? मनोऱ्यांची साखळी उंचावरून येणाऱ्या बॉम्बरांसाठी चोख होती. झाडांना घासून येणाऱ्या लढाऊ विमानांची चाहूल तिला उशिरा लागायची. तळ आघाडीच्या फार जवळ आला होता, आणि वर दोन विमानांची राखणसुद्धा नव्हती. गस्त परवडत नाही हा डिसेंबरातला निष्कर्ष शहरांसाठी बरोबर होता. तळावरच्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळांपुरता तो तेव्हाच पुन्हा तपासायला हवा होता.

मार्च, वीपुरीच्या उपसागरावर

मार्चच्या सुरुवातीला सोव्हिएत पायदळ आणि रणगाडे गोठलेल्या वीपुरीच्या उपसागरावरून चालत पलीकडे येऊ लागले. तिथे अडवायला फिनलंडकडे फौज उरली नव्हती. हुकूम सुटला: हवाई दलाने सगळं घेऊन बर्फावरच्या रांगांवर मारा करावा. ब्लेनहाइम बॉम्बर गेले, ग्लॅडिएटर गेली आणि फोकरही गेली. ज्या वैमानिकांना तीन महिने ‘फक्त बॉम्बर, बाकीचं टाळा’ असं सांगितलं होतं, तेच आता उघड्या बर्फावर विमानभेदी तोफांच्या तोंडी, डोक्यावर सोव्हिएत लढाऊ विमानं घेऊन, खाली सूर मारत होते. बर्फावर माणसांना आडोसा नव्हता, त्यामुळे नुकसान मोठं झालं. पण रांगा थांबल्या नाहीत.

निकाल

१२ मार्चला मॉस्कोत तह झाला, १३ ला तोफा थांबल्या. २४ व्या स्क्वाड्रनने सुमारे १२० विमानं पाडल्याचा दावा केला, आणि बारा फोकर गमावली. सार्वान्तोच्या नावावर तेरा, या युद्धातलं सर्वाधिक श्रेय. सोव्हिएत नोंदी आणि फिन दावे सगळीकडे जुळत नाहीत. कुठल्याच हवाई युद्धात ते जुळत नाहीत. तरी हिवाळी युद्धात बरेच बॉम्बर फिन जमिनीवर पडल्यामुळे इथला हिशेब पुढच्या काळातल्या दाव्यांपेक्षा भरवशाचा आहे.

पण हा निकाल अर्धाच. बॉम्बफेकीत नऊशेहून अधिक नागरिक मेले. तहात वीपुरी आणि करेलियाचा मोठा भाग गेला, चार लाखांहून अधिक माणसांनी घरं सोडली. सूर-मेरियोकीचा तळ तहात सोव्हिएत हद्दीत गेला. आकाशातल्या एकास दहा या प्रमाणाने जमिनीवरची रेघ हलली नाही. देश मात्र स्वतंत्र राहिला.

वैमानिक वाचवण्याचं धोरण खरं फळलं ते सोव्हिएत संघाशीच झालेल्या पुढच्या युद्धात. १९४१ पासून याच स्क्वाड्रनने अमेरिकन ब्रूस्टर विमानांवर ४५९ विमानांचा दावा केला. तेच ब्रूस्टर, जरा जड झालेल्या आवृत्तीत, जून १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर अमेरिकन मरीन वैमानिकांनी जपान्यांविरुद्ध उडवलं आणि एका सकाळीत तेरा गमावली. फिनलंडचं विमान हलकं होतं, प्रतिपक्षी वेगळा होता, हे सगळं धरूनसुद्धा फरकाचा मोठा वाटा कॉकपिटमधल्या माणसांचा होता. १९४३ मध्ये कॅप्टन हान्स विंड याने लढाऊ विमानांच्या डावपेचांवर दिलेली व्याख्यानं नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरली गेली. जोडी, अंतर, जवळून मारा, सगळं त्यात आहेच. मॅग्नुसनची तालीम तोवर कागदावर उतरली होती.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदी. शांततेच्या काळात फिनलंडचा पैसा बॉम्बरांवरही खर्च झाला. ब्लेनहाइम चांगली विमानं होती, पण छोट्या देशाने आधी आपलं छप्पर शाकारायला हवं होतं. आणखी एक फोकर स्क्वाड्रन असती तर तुर्कू उघडं पडलं नसतं. युद्ध सुरू झाल्यावर जे मिळेल ते घेतलं, त्यातून दुसरीच कटकट उभी राहिली: डच, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, अमेरिकन विमानं, प्रत्येकाचं इंजिन वेगळं, काडतूस वेगळं, सुटे भाग वेगळे. अमेरिकेकडून घेतलेली ४४ ब्रूस्टर पेट्यांतून आली, स्वीडनमध्ये जोडली गेली, आणि तह होईपर्यंत त्यातली मोजकीच पोचली. लढली एकही नाही.

ग्लॅडिएटर. ती दुय्यम भागात, बॉम्बर एकटे येतात अशा ठिकाणी ठेवून फोकर सगळी संयोगभूमीवर आणता आली असती. उत्तरेत स्वीडिश तुकडीने याच विमानांवर बरं काम केलं, कारण तिथे आय-१६ ची गर्दी नव्हती. हा बदल विमानं न वाढवता जमण्यासारखा होता, म्हणून मला तो सगळ्यात जास्त खटकतो.

राहिला वीपुरीच्या बर्फावरचा हुकूम. डावपेचांच्या चौकटीत तो सरळसरळ चूक आहे. जपून ठेवलेलं हत्यार शेवटच्या आठवड्यात दगडावर घासलं. लोरेन्त्स किंवा मॅग्नुसनला मोकळा हात असता तर त्यांनी फोकर तिथे पाठवली असती असं मला वाटत नाही. पण त्या आठवड्यात मॉस्कोत वाटाघाटी चालू होत्या, आणि आघाडी फुटली असती तर वाटाघाटींना अर्थच राहिला नसता. विमानांनी रांगा थांबवल्या नाहीत, पण दिवसा बर्फ ओलांडणं महाग केलं. १३ मार्चला सकाळी अकरा वाजता युद्धविराम लागला, तेव्हा वीपुरी शहर फिन सैन्याच्याच ताब्यात होतं.